ओरत्तनाडु : पाणी, वाट आणि अन्नछत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



 सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी रायगड, पंढरी किंवा कृष्णाकाठ यांचे स्मरण करण्याची आपल्याकडे प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु घरापासून दूर राहून ज्यांनी पन्नास वर्षे आपली भाषा, आपले सण आणि आपली माणसे सांभाळली, त्यांच्यापुढे बोलताना, आपल्या कितीतरी आधी घर सोडून गेलेल्या आणि परमुलखातच रुजलेल्या मराठी माणसांची आठवण काढणे मला अधिक उचित वाटले. तंजावरचे मराठे आपणां सर्वांना नावाने ठाऊक आहेत. तंजावरचा वाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराचे देऊळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेही असेल. आज मी तंजावरच्या दक्षिणेला असलेल्या एका लहान गावाविषयी बोलणार आहे. त्याचे नाव ओरत्तनाडु. एके काळी त्याला दुसरे एक नाव मिळाले होते : मुक्तांबापूर. हे नाव तिथे कसे आले, आणि ते मागे पडल्यावरही काय शिल्लक राहिले, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

आधी भूगोल पाहू. कारण या गावाचा इतिहास त्याच्या जमिनीवाचून आणि पाण्यावाचून समजत नाही.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की पंचवीस किलोमीटरच्या आत ओरत्तनाडु लागते. ते त्याच नावाच्या तालुक्याचे ठिकाण आहे. ‘नाडु’ म्हणजे तमिळमध्ये देश किंवा प्रांत. चोळ राजांच्या काळी काही गावे मिळून होणाऱ्या विभागालाही हीच संज्ञा होती. नकाशावर पाहिले तर हा भाग कावेरीच्या मुखाजवळचा, म्हणून तो पाण्याने तुडुंब असेल अशी आपली कल्पना होते. वस्तुस्थिती तशी नाही. कावेरी आणि वेण्णार यांनी व त्यांच्या फाट्यांनी आणलेला सुपीक गाळ मुख्यतः तंजावरच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरला आहे. तंजावर शहर या जुन्या गाळप्रदेशाच्या दक्षिण कडेवर वसले आहे. त्याच्या खाली जमीन किंचित उंचावते आणि माती तांबूस होते. नदीचे पाणी उताराचा धर्म सोडीत नाही. ते आपण होऊन या उंचवट्यावर चढत नाही. तेव्हा नदी दिवसाच्या चालीवर असूनही ओरत्तनाडुचा शेतकरी शतकानुशतके आभाळाकडे पाहत राहिला. त्याचा आधार म्हणजे पावसाचे पाणी अडवून केलेली तळी. त्यांना तमिळमध्ये ‘एरि’ म्हणतात. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास पावसाळा आटोपलेला असतो; तिकडे ईशान्येचा पाऊस त्याच वेळी भरात येतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत जे साठेल त्यावर पुढचे वर्ष काढावे लागते.

खुद्द तंजावर शहरानेही पाण्याची सोय अशीच केली होती. सोळाव्या शतकातल्या नायक राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेवप्प नायकन एरि या तळ्यात पावसाचे पाणी साठे आणि तिथून ते जमिनीखालच्या नळांनी किल्ल्यातल्या शिवगंगा तळ्यात येई. नदीच्या इतक्या जवळ असलेल्या राजधानीने तळ्याचे पाणी असे जपून आणावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ओरत्तनाडुच्या नशिबी नदीचे पाणी आले ते विसाव्या शतकात. कावेरीवर मेट्टूर येथे १९२५ साली सुरू झालेले धरणाचे काम १९३४ साली पुरे झाले. चोळ राजा करिकालाच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापासून त्याच योजनेत एक नवा कालवा काढण्यात आला. सरकारी कागदांत तो ‘ग्रँड ॲनिकट कालवा’ आहे, पण लोक त्याला ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, म्हणतात. तंजावर शहरातून वाहत जाऊन तो ओरत्तनाडु आणि पट्टुक्कोट्टैकडच्या उंच जमिनीला पाणी देतो. तेव्हापासून इथे भाताची शेती वाढली, नारळाच्या बागा उभ्या राहिल्या. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या गजा चक्रीवादळाने या बागांची फार मोठी हानी केली. वर्षानुवर्षे वाढवलेली झाडे एका रात्रीत आडवी झाली. सारांश, इथला भूगोल निसर्गाने दिला तसाच राहिलेला नाही. तो माणसांनी घडवला, आणि तो टिकवण्यासाठी त्यांना सतत राबावे लागले.

या बाबतीत जगातले एक प्रसिद्ध उदाहरण आठवते, ते चीनमधल्या हांगचौ शहराचे. हांगचौचे पश्चिम सरोवर चिनी चित्रकारांनी आणि कवींनी अजरामर केले. २०११ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. पाहणाऱ्याला ते निसर्गाचे देणे वाटते. वास्तविक ते समुद्रालगतच्या एका उथळ खाडीतून, नदीच्या गाळाने मुख अडल्यामुळे तयार झाले, आणि कोणी लक्ष दिले नसते तर गाळानेच बुजून गेले असते. शहरातल्या विहिरींचे पाणी मचूळ होते, म्हणून आठव्या शतकात ली बी या अधिकाऱ्याने सरोवराचे गोडे पाणी नळांनी शहरातल्या सहा जलकुंडांत आणले. नवव्या शतकात बाय जूयी हा थोर कवी तिथे प्रांताधिकारी होता. त्याने बांध घालून सरोवराचे पाणी शेतीसाठी राखले. पुढे १०८९ ते १०९१ या काळात सू तुंगपो या दुसऱ्या थोर कवीने, तोही तिथे अधिकारीच होता, सरोवरातला गाळ आणि शेवाळ उपसून त्याचाच एक लांब बांधरस्ता केला. पुढे ११३८ पासून १२७६ पर्यंत हे शहर दक्षिण सुंग साम्राज्याची राजधानी होते. ते साम्राज्य मंगोलांनी बुडवले. राजधानी गेली, राजवंश गेला. परंतु आजही त्या दोन कवींच्या नावांचे बांध सरोवरावर आहेत आणि लोक त्यांवरून ये-जा करतात. जे लोकांच्या नित्य उपयोगी पडते त्यालाच लोक सांभाळतात, हा त्या शहराचा धडा आहे.

कावेरीचा प्रदेश आणि चीन यांचा हा उल्लेख केवळ तुलनेपुरता नाही. चोळ राजाचे वकील १०१५ साली सुंग दरबारी पोहोचले होते, आणि चीनच्या किनाऱ्यावरील च्वानचौ येथे १२८१ सालचा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तमिळ व्यापारी परमुलखात गेले तेव्हा त्यांनी तिथे आपल्या शंकराचे देऊळ बांधले. परदेशी आपले देव नेणे ही काही आपल्या मंडळांनी काढलेली नवी रीत नव्हे! त्याच तमिळ माणसांच्या देशात पुढे मराठे परके म्हणून आले. आता त्यांच्याकडे वळू.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यांच्या वंशाने तिथे सुमारे पावणेदोनशे वर्षे गादी चालवली. या राजांनी मराठी सोडली नाही. पण तमिळ, तेलुगू आणि संस्कृत यांनाही आपले मानले. त्यांच्यापैकी सर्वांत नामांकित म्हणजे दुसरे सरफोजी. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते वाढले आणि १७९८ साली गादीवर आले. त्यानंतर पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, कंपनी सरकारशी तह झाला. राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाला दरसाल एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. वय बावीस वर्षे, नावाला राजा, हाती ना सैन्य ना मुलूख. अशा स्थितीत माणूस काय करतो? पुष्कळ संस्थानिकांनी काय केले ते आपण इतिहासात वाचले आहे. सरफोजींनी ग्रंथ जमवले, छापखाना घातला, शाळा काढल्या, आणि एक गोष्ट कंपनीकडे आग्रहाने मागितली : छत्रांची व्यवस्था आपल्याकडे राहू द्यावी.

छत्र म्हणजे अन्नछत्र, तमिळमध्ये ‘चत्तिरम’. काशीची गंगा रामेश्वराला आणि रामेश्वराची वाळू काशीला नेण्याचा आपला जुना परिपाठ. रामेश्वराकडे जाणारी वाट तंजावरच्या मुलखातून किनाऱ्याकडे उतरते. या वाटेवर तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले. पुष्कळ छत्रांना राजस्त्रियांची नावे होती. नीडामंगलमचे छत्र प्रतापसिंहांच्या राणी यमुनांबा यांच्या नावाचे आहे. सरफोजींनी १८०१ साली तंजावरच्या रेसिडेंटला जे पत्र लिहिले, त्यात या छत्रांत काय चालते ते सविस्तर सांगितले आहे. त्यातला आशय थोडक्यात सांगतो.

ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो वाटसरू येईल त्याला अन्न मिळे. जोगी, जंगम, बैरागी यांनाही मिळे. ज्याला शिजवलेले अन्न चालत नाही त्याला शिधा मिळे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर यावे, अशी हाक घातली जाई. छत्रात वेदपाठ सांगणारे होते, लिहिणे-वाचणे शिकवणारे पंतोजी होते, वैद्य होते; सर्पदंशावर उपचार करणारेही होते. वाटसरू आजारी पडला तर बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गरोदर स्त्री वाटेत अडली तर तिचे बाळंतपण तिथेच होई. पोरक्या मुलांचा सांभाळ होई. आणि कोणी बेवारस मेला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे त्याची अंत्यक्रिया केली जाई. या दानधर्मामुळेच तंजावरची कीर्ती आहे आणि ती राखणे हेच आपले भूषण आहे, अशा भावनेने राजाने हे पत्र लिहिले.

या वर्णनाने आपण भारावून जावे असे मी म्हणत नाही. शिधा वेगळा देण्याच्या सोयीतच त्या काळचा भेदाभेद दिसतो. छत्राचा खर्च ज्या गावांच्या उत्पन्नातून चाले, तिथे भात पिकवणाऱ्या कुळांच्या घामाचा हिशेब पत्रात नाही. तरीही मध्यरात्रीची ती घंटा विसरता येत नाही. दारात आलेल्याला जेवू घालणे हे सामान्य सौजन्य झाले; न आलेल्याला अंधारात हाक मारणे ही वेगळीच गोष्ट आहे.

या पत्रानंतर वर्षभरातच, १८०२ साली, ओरत्तनाडुला नवे छत्र उभे राहिले. ते मुक्तांबा हिच्या नावाचे. मुक्तांबा ही सरफोजींची विवाहित राणी नव्हे. ती त्यांची प्रिय सहचारिणी होती. आपल्या नावाचे एक अन्नछत्र असावे, ही इच्छा तिने अंतकाळी बोलून दाखवली आणि राजाने ती पुरी केली, असे सांगतात. राणीचा मान जिला मिळाला नाही तिच्या नावाने राजाने नुसते छत्रच बांधले असे नाही, तर गावालाच तिचे नाव दिले. आणि जागा कोणती निवडली? जिथे नदी पोहोचत नव्हती असा कोरडा उंचवटा, किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, राजधानीपासून एका मजलेवर. थकलेल्या वाटसरूला अन्नपाण्याची गरज नेमकी जिथे लागावी ती ही जागा.

मुक्तांबापूरच्या छत्राचे वैशिष्ट्य म्हणजे तिथली शाळा. मुलांना विनामूल्य शिक्षण, आणि तेही अनेक भाषांतून, अशी ती व्यवस्था होती. राजाच्या विद्याप्रेमाची कल्पना यावी म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. तंजावरच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ हे पुस्तक छापले गेले. इसापाच्या गोष्टींचे सख्खण पंडितांनी केलेले ते मराठी भाषांतर होय. मुंबई-पुण्यास मराठी पुस्तकांची छपाई अजून रुळली नव्हती, त्या वेळी मराठी मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक कावेरीकाठी छापले जात होते! दुसरी गोष्ट, सरफोजींच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कोरवंजी येते, हात पाहून भविष्य सांगते आणि आपल्या देशाचे वर्णन करते. या नाटकातली कोरवंजी सांगते ते मात्र साऱ्या पृथ्वीचे वर्णन : खंडे, देश, पर्वत, नद्या. ज्या राजाचा मुलूख एका किल्ल्यापुरता उरला होता, त्याने जगाचा भूगोल मराठीत लिहिला, आणि त्यासाठी साचा घेतला तो शेजाऱ्याचा, तमिळांचा. परमुलखात आपली भाषा कशी जगते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. भाषा जगते ती दार बंद करून नव्हे. नवे ज्ञान आणि शेजाऱ्याचे कसब तिच्यात आणून.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. सरफोजी १८३२ साली वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली वारले आणि औरस पुत्र नाही म्हणून कंपनीने गादी खालसा केली. छत्रे सरकारी व्यवस्थेत गेली. तंजावरच्या जिल्हा प्रशासनात छत्रांचा कारभार पाहणारी शाखा आहे. ओरत्तनाडुच्या छत्राची वास्तू काळाने पुष्कळ झिजली असून तिची दुरुस्ती व्हावी अशी मागणी वारंवार होत आली आहे. मुक्तांबापूर हे गावाचे नाव रूढ राहिले नाही. लोकांच्या तोंडी ओरत्तनाडुच राहिले, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. नाव हे शेवटी तिथल्या लोकांचे असते. पण छत्राचे नाव तमिळ लोक अजून ‘मुक्तांबाळ चत्तिरम’ असेच घेतात. राजाने दिलेले गावाचे नाव लोकांनी बाजूला ठेवले. जिथे अन्न मिळाले त्या जागेचे नाव ठेवून घेतले. हांगचौच्या बांधांचे जे झाले तेच इथे झाले.

आणि ती मराठी माणसे? त्यांतली बरीच कुटुंबे तमिळनाडूतच राहिली. कुंभकोणमच्या मराठी घराण्यात १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. सामान्य कुटुंबांनी घरात आपली तंजावरी मराठी बोलत, बाहेर तमिळमध्ये शिकत आणि नोकऱ्या करीत दिवस काढले. त्यांच्या मराठीत आपल्याकडे केव्हाच गेलेले शब्द टिकले आणि तमिळ शब्द सहज मिसळले. ती ऐकून आपण हसू नये. घरातल्या घरात, शाळेच्या आधाराशिवाय, एखादी बोली तीनशे वर्षे टिकते ही थट्टेची बाब नव्हे. मात्र आता त्या घरांतूनही ती उणावत चालली आहे. नातवंडांना ती समजते, बोलता येतेच असे नाही. हे वाक्य ऐकताना या सभागृहातल्या किती आजी-आजोबांना आपलेच घर आठवले असेल ते मी विचारीत नाही.

भाषेबरोबर एक लिपीही मागे राहिली आहे. तंजावर दरबाराचे हिशेब, हुकूम आणि छत्रांचा जमाखर्च हे सारे मोडीत लिहिले गेले. त्यांतले पुष्कळ कागद अद्याप वाचकाची वाट पाहत आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर करवून घेऊन प्रसिद्ध केले आहे, ही त्या विद्यापीठाच्या थोरवीची गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ असा की आपल्या पूर्वजांनी कोणाला किती तांदूळ दिला, कोणत्या मुलाला कोणती भाषा शिकवली, हे जाणून घ्यायला तमिळ वाचकाला मार्ग मोकळा झाला आणि मराठी वाचक मात्र आपल्याच कागदांपुढे निरक्षर उभा राहिला. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास देवनागरीत कोरून ठेवला; दगड असल्यामुळे तो वाचता येतो. कागदाला तेवढे आयुष्य नसते.

मित्रहो, सुवर्णमहोत्सव हा गतकाळाच्या कौतुकाचा सोहळा असतो, तसाच तो पुढच्या हिशेबाचाही असतो. ओरत्तनाडुने मला जो हिशेब शिकवला तो आपल्यापुढे ठेवतो. मंडळाच्या दारावर आपले नाव आहे. त्या दारातून, आपल्यापैकी नसलेला किती जणांना काही मिळाले? या शहरात नव्याने आलेला मराठी विद्यार्थी, आजारी नातलगाला घेऊन आलेले कुटुंब, एकटी राहणारी वृद्ध माणसे आपण होऊन आपल्याकडे येतातच असे नाही. त्यांच्यासाठी घंटा वाजवणारे कोणी आपल्याकडे आहे का? आपली मुले जो भूगोल आणि जे विज्ञान इंग्रजीत शिकतात, त्यातला थोडा भाग तरी मराठीत त्यांच्या कानी पडतो का? आणि मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या, नाटकांच्या जाहिराती कोणाच्या माळ्यावर पडल्या आहेत? आणखी शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक, कदाचित मराठी नसलेलाही, इथल्या मराठी माणसांनी काय केले हे शोधू लागेल; त्याला देण्यासारखे कागद आपण राखले पाहिजेत. दोन तरुणांनी जरी मोडी शिकण्याचे मनावर घेतले आणि पुढे सरस्वती महालाच्या पायऱ्या चढल्या, तरी या महोत्सवाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती राज्य नव्हते आणि नाही. सरफोजींच्या हातीही ते उरले नव्हते. जे उरले होते ते त्यांनी कोरड्या उंचवट्यावर, वाटेच्या कडेला, परक्या भाषेच्या लोकांसाठी मांडून ठेवले. मंडळाच्या पुढच्या पन्नास वर्षांत आपल्या हातूनही तेवढे घडो, अशी शुभेच्छा व्यक्त करतो.